सक्ती कुणावर हवी, पालकांवर की सरकारवर? सयाजीरावांचा कायदा आणि आजचा शिक्षणहक्क

(बडोद्यातल्या चार वाचकांची चर्चा; टोपणनावं शहराच्या भागांवरून)

दांडियाबाजारकर

सयाजीरावांनी मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, हे बडोद्यात शाळकरी पोरालाही पाठ असतं. ते आणलं कसं, यावर मात्र कुणी बोलत नाही. १८९३ साली राजधानीपासून लांब, काठेवाडातल्या अमरेली तालुक्याची दहा गावं घेतली. अडचणी तिथे पाहून घेतल्या, १९०१ मध्ये अख्खा तालुका घेतला आणि १९०६ मध्ये सगळं राज्य. त्या सक्तीला दंडाची धार होती. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड व्हायचा. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनीही १९१७ च्या हुकमात महिन्याला एक रुपया दंड ठेवला.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने हे उलटं केलं. कलम ८ प्रमाणे सक्ती सरकारवर आहे. कलम १० पालकाचं कर्तव्य सांगतं, पण ते पाळलं नाही तर पुढे काहीच नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे: लहानसा का होईना, पालकावर दंड हवा. बडोदा संस्थानाचे आकडे गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात मांडले होते. शाळेच्या वयाच्या मुलांपैकी ७९.६ टक्के आणि मुलींपैकी ४७.६ टक्के शाळेत. त्याच वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात २१.५ आणि ४. सक्तीशिवाय हा फरक पडला असता का?

रावपुऱ्याचा वाचक

आकडे खरे, पण त्यातून दंडाचं श्रेय निघत नाही. त्याच भाषणात गोखल्यांनी दुसरीही गोष्ट सांगितली होती: जेमतेम वीस लाख वस्तीचं हे राज्य प्राथमिक शिक्षणावर साडेसात लाखांच्या आसपास खर्च करत होतं. शाळा काढल्या, मास्तर नेमले, फी काढून टाकली, म्हणून मुलं आली. आणि हे आकडे पटावरचे आहेत, हजेरीचे नव्हेत.

आज दंड लावला तर काय होईल ते सांगतो. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ झाली की तिसरा. म्हणजे पटावरचं एक नाव म्हणजे मास्तरची एक जागा. दोन मास्तरांनी पाच वर्ग सांभाळायचे तर एक जण तीन वर्ग एका खोलीत बसवतो आणि पहिलीच्या पोरांना पाटीवर गिरवायला लावून चौथीचं गणित घेतो. अशा शाळेत महिनोन् महिने न फिरकलेल्या पोराचं नाव कुणी काढत नाही. त्यात दंड आला की पालकालाही पोरगं कागदावर हजर हवं असणार. आज खोट्या हजेरीत एकट्या शाळेचा फायदा आहे, मग दोघांचा होईल. पकडणार कोण?

शिवाय दंड भरणार कोण? बांधकामावर रोजंदारी करणारा, होळीला गावी जाणारा माणूस. सोसायटीत राहणाऱ्याला नोटीस जाणारच नाही, कारण त्याचं मूल खाजगी शाळेत बसलेलं असतं.

मांडवी

इथे एक बाजू राहून जाते आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बडोदे सरकारने अंत्यजांसाठी, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांसाठी, शाळा १८८० च्या दशकातच काढल्या. तिथे शिकवायला सवर्ण हिंदू मास्तर तयार होईनात. मुसलमान शिक्षक नेमावे लागले, आणि १९०८ मध्ये आर्य समाजाच्या पंडित आत्माराम अमृतसरींना मुद्दाम बोलावून हे काम सोपवावं लागलं. जिथे मास्तरच वर्गात यायला नकार देतो, तिथे बापाला दंड करून काय साधणार? अडथळा घरात नव्हता, शाळेच्या दारात होता.

फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. पण त्याच निवेदनात शेतकऱ्याच्या साऱ्यातून येणारा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो, हेही बजावलं. आधी पैसा कुठे जातो ते बघा, मग सक्तीचं बोला.

कारेलीबाग

दंड असो वा नसो, शाळा सोडल्यावर काय? तेव्हाही वयाची अट संपली की पोरगं शेतावर जायचं आणि थोड्या वर्षांत अक्षर विसरायचं. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डनना बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणलं, त्यामागे हेच कारण होतं. गावाने जमवलेल्या रकमेएवढी सरकारने घालायची, तेवढीच प्रांत पंचायतीने; जिथे तेही जमत नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या. आज नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांतलं पुस्तकांचं कपाट कुलूपबंद असतं, कारण पुस्तक हरवलं तर जबाबदारी मास्तरवर येते. खराब-गहाळ पुस्तकं दरसाल काही प्रमाणात निर्लेखित करण्याची मुभा द्या, कपाटं उघडतील.

दांडियाबाजारकर

मांडवी, अंत्यज शाळांचा मुद्दा मोलाचा आहे. पण मास्तरला वर्गात आणणं आणि पोराला शाळेत आणणं, दोन्हीला सरकारचा बडगाच लागला ना? रावपुरा, खोट्या हजेरीच्या भीतीने बंधनच नको म्हटलं तर मूल बाहेर राहिल्याचा जाब कुणीच देत नाही. प्रवेशोत्सवात पहिलीच्या पोरांचं स्वागत होतं, त्यातली सहावीत किती बसली हे विचारायला कुणी येत नाही.

रावपुऱ्याचा वाचक

जाब देणारा कायद्यात लिहिलेला आहे. कलम ९ प्रमाणे आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची आणि परगावाहून आलेल्यांना प्रवेश द्यायचा, हे स्थानिक प्राधिकरणाचं काम. इथे म्हणजे महानगरपालिकेचं. मूल मोठं असेल तर वयानुसार वर्ग आणि कलम ४ खाली विशेष प्रशिक्षण. दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही.

काम होत नसेल तर कलम ३२ वापरा. मुलाचं नाव, वय, राहण्याची जागा, कुठल्या शाळेने कधी नाकारलं, एवढं लिहून प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो; पटला नाही तर राज्य बाल हक्क आयोगाकडे अपील. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात, त्यांनी ठराव जोडला तर तक्रारीला वजन येतं.

दांडियाबाजारकर

तक्रार करणार ज्याचा बाप जागरूक आहे तो. ज्याने पोराला चहाच्या टपरीवर लावलंय, तो कलम ३२ चा अर्ज कशाला लिहील? त्याच्यासाठी मला अजूनही दंडच हवा.

मांडवी

टपरीवाल्याला करा ना दंड. चौदा वर्षांखालचं मूल कामाला ठेवणं २०१६ च्या दुरुस्तीनंतर गुन्हाच आहे. बापाच्या आधी तो सापडतो, आणि दुकान त्याला हलवता येत नाही.