डेअरीच्या प्रोजेक्टमध्ये शेतकरी नक्की कुठे टाकायचा? डीएफडी आणि यूज केस दोन्हीकडे लाल पेन

लास्टइयर_बीसीएस:
नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून गावातल्या दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर घेतलंय. शेतकरी सकाळ-संध्याकाळ दूध घालतो, लिटर मोजायचं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढायचं, चार्ट बघून दर लावायचा, दहा दिवसांनी बिल, त्यातून पेंडीचे आणि ॲडव्हान्सचे पैसे कापायचे, बास एवढंच. सोपं वाटलं म्हणून घेतलं आणि आता अडकलोय. डीएफडीत (डेटा फ्लो डायग्राम) मी शेतकरी, सचिव, एन्ट्री करणारा मुलगा, चेअरमन सगळे चौकोनात, म्हणजे सिस्टीमबाहेरचे म्हणून टाकले तर गाईडने शेतकरी सोडून बाकी सगळ्यांवर काट मारली. मग यूज केस डायग्राममध्ये शेतकरी ॲक्टर (सिस्टीम वापरणारा) म्हणून टाकला तर तिथे नेमकी शेतकऱ्यावरच काट. अरे मग तो आहे की नाही सिस्टीममध्ये?? टेबल चार केलेत, उत्पादक, संकलन, दर आणि बिल. संकलनाची प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखायची खूण) म्हणजे उत्पादक कोड + तारीख + सकाळ/संध्याकाळ. ती तरी बरोबर आहे ना? खरं सांगायचं तर मला या सगळ्या डायग्राम म्हणजे एकच गोष्ट तीनदा काढायची असंच वाटतंय.

चौकोनवाली_ताई:
गाईड बरोबर आहेत रे, फक्त कारण सांगितलेलं दिसत नाही. डीएफडी विचारतो की माहिती कुठून येते आणि कुठे जाते. यूज केस विचारतो की सिस्टीमला हात कोण लावतं. शेतकरी कॅन घेऊन येतो, त्याच्या दुधाची माहिती आत जाते, पावती आणि बिल बाहेर येतं, म्हणून डीएफडीत तो चौकोनात. पण कीबोर्डला तो बोट लावत नाही ना, कोड दाबतो तो एन्ट्रीवाला मुलगा, म्हणून यूज केसमध्ये ॲक्टर तो मुलगा. उद्या शेतकऱ्याला मोबाईलवर स्वतःचा हिशोब बघायची सोय दिलीस की त्या दिवसापासून तोही ॲक्टर. उलट डीएफडीत तो मुलगा आणि सचिव चौकोनात येत नाहीत कारण ते जे करतात तीच तुझी प्रोसेस आहे, ते आतलेच. चेअरमनवर वाद घालता येईल, नुसता महिन्याचा रिपोर्ट घेऊन बाजूला होत असेल तर बाहेरचा धरला तरी चालतो.

आणि तू बाहेरचे निम्मे विसरलास. दूध पुढे टँकरने दूध संघाला जातं, संघाकडून दरपत्रक येतं, बिलाचे पैसे बँकेत जातात, पेंड कोणीतरी पुरवतं. हे सगळे लेव्हल शून्यला (अख्खी सिस्टीम एकच प्रोसेस म्हणून दाखवणारी आकृती) दिसायला पाहिजेत. मग तीच प्रोसेस फोडून लेव्हल एक काढताना एवढंच बघ की शून्यला जेवढे बाण आत-बाहेर होते तेवढेच इथेही आहेत. तुझ्या 'बिल तयार करणे' या प्रोसेसला फक्त संकलनाचा बाण येत असणार, मग कपात आली कुठून? हवेतून? आत बाण नसताना बाहेर माहिती काढणारी प्रोसेस दिसली की परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतो. डेटा स्टोअरमधून (जिथे माहिती साठते ती जागा) थेट दुसऱ्या स्टोअरला बाण पण काढू नकोस, मध्ये प्रोसेस लागतेच.

अजून एक, वजनकाटा आणि फॅट मोजणारा ॲनालायझर सीरियल पोर्टने कॉम्प्युटरला जोडलेले असतील तर यूज केसमध्ये ती मशीन पण ॲक्टर होतात. माणूसच पाहिजे असं काही नाही.

थर्डनॉर्मल:
ती प्रायमरी की चालणार नाही भावा. ज्याच्याकडे गाय आणि म्हैस दोन्ही आहे तो एकाच वेळेला दोन्ही दूध घालणार. मग तू म्हणशील जनावराचा प्रकार पण की मध्ये टाकतो. ठीक, पण गायीच्या दुधाचे दोन कॅन आले आणि दोन्हीचं फॅट वेगळं मोजलं तर? सरळ पावती क्रमांक ठेव आणि मोकळा हो. दराचं पण एक टेबल पुरणार नाही, कारण दर म्हणजे एक आकडा नाही, फॅट आणि एसएनएफचा अख्खा तक्ता आहे. आपल्याकडे गायीचा बेस ३.५ फॅट ८.५ एसएनएफ, म्हशीचा ६.० आणि ९.०, तिथून पॉइंट कमी-जास्त झाला की दर खाली-वर. म्हणजे दरपत्रक (कोणत्या दुधाचं, कोणत्या तारखेपासून) वेगळं आणि त्याच्या ओळी वेगळ्या. संकलनात दर आणि रक्कम साठवू नकोस, चार्टवरून काढता येतात, नॉर्मलायझेशन (एकच माहिती दोन ठिकाणी न ठेवणं) बिघडतं.

पहाटेचा_काटा:
दर साठवू नको हे मला अजिबात पटत नाही. आमच्या घरचं केंद्र आहे म्हणून सांगतो. संघाचं पत्र पाच तारखेला येतं आणि त्यात लिहिलेलं असतं नवीन दर एक तारखेपासून. तुझ्या हिशोबाने चार्ट बदलला की चार दिवसांचा दर आपोआप बदलणार, आणि शेतकऱ्याच्या खिशात तर समज ३३.४० ची छापील पावती आहे. बिलाच्या दिवशी काउंटरवर जी जुंपते ती बघायला ये एकदा. पावतीवर जो दर गेला तो गेला, तो त्या दिवशी घडलेला व्यवहार आहे, चार्टची नक्कल नाही. बदल झाला तर फरकाची वेगळी नोंद टाकायची आणि बिलात 'दर फरक' म्हणून वेगळी ओळ दाखवायची, जुन्या ओळीला हात लावायचा नाही.

आता लास्टइयर, जे तू प्रश्नात लिहिलंच नाहीस ते. लाईट गेली की ॲनालायझर बंद. माणसं रांगेत उभी असतात, त्यांना घरी जाऊन कामाला लागायचं असतं, मग लिटर लिहून घेतात, बाटलीत सॅम्पल ठेवतात त्यावर कोड टाकून, आणि फॅट नंतर काढतात. म्हणजे तुझ्या संकलन टेबलात फॅट रिकामं असलेली ओळ तयार होणार आणि तुला ती चालवून घ्यावी लागणार, तिची पावती पण बिनदराची. शिवाय केंद्रावर मोजलेलं लिटर आणि संघाने टँकरला मोजलेलं लिटर कधीच जुळत नाही, ती घट कुठे टाकणार? हे सचिवाला विचारलंस तरी तो सांगणार नाही, त्याच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नसतंच. गर्दीच्या वेळी काउंटरमागे उभा राहा आणि त्याची वही बघ, कच्ची वही, पक्की नव्हे. समासात पेन्सिलने जे काही खरडलेलं असतं ना तीच तुझी रिक्वायरमेंट.

थर्डनॉर्मल:
दराचं मान्य. रक्कम तरी लिटर गुणिले दर अशीच निघते ना?

पहाटेचा_काटा:
पैसे कुठे राउंड करता त्यावर आहे. प्रत्येक पावतीला केलं आणि दहा दिवसांच्या बेरजेला केलं की रुपया-दोन रुपयांचा फरक पडतो, आणि त्या दोन रुपयांसाठी पण माणूस परत येतो. नियम एकदा ठरव, एसआरएसमध्ये (सॉफ्टवेअरने काय काय करायचं ते लिहिलेला दस्तऐवज) लिही, मग रक्कम साठव नायतर दर वेळी हिशोबाने काढ.

लास्टइयर_बीसीएस:
बापरे. लाईटचं डोक्यातच नव्हतं, मी फॅटला नॉट नल (रिकामं चालणार नाही) लावून ठेवलंय 😅 पण गाईड म्हणतात एसआरएस आधी पूर्ण करा, सही घ्या, मग त्यात बदल नाही. आणि फॉरमॅट आयईईई ८३० (एसआरएस कसं लिहायचं याचं मानक) चाच पाहिजे.

चौकोनवाली_ताई:
८३० ची शेवटची आवृत्ती १९९८ ची, २०११ मध्ये त्याच्या जागी २९१४८ क्रमांकाचं मानक आलं, पण कॉलेजात अजून तेच चालतं, भांडू नकोस, मार्क जातील. बदल नाही हे मात्र नम्रपणे विचार. ज्या १९७० च्या पेपरमुळे वॉटरफॉलची (एक टप्पा संपवून मगच पुढचा) पायऱ्यांची आकृती सगळीकडे गेली त्यात त्याचा लेखक रॉइस याने स्वतःच लिहिलंय की हे असं सरळ खाली उतरत जाणं धोक्याचं आहे. एसआरएसला आवृत्ती क्रमांक दे, शेवटी बदलांचा तक्ता जोड, बहुतेक गाईड त्यावर खूश होतात.

लास्टइयर_बीसीएस:
ओके ताई. शेवटचा प्रश्न, प्रोसेसला गोल काढू की गोल कोपऱ्याचा चौकोन? नेटवर दोन्ही दिसतात.

चौकोनवाली_ताई:
गोल डीमार्को पद्धतीत, गोल कोपऱ्याचा गेन-सार्सन पद्धतीत. कुठलीही घे पण एकाच रिपोर्टात दोन्ही मिसळू नकोस, आणि आधी गाईडच्या नोट्समध्ये कुठली आहे ते बघ.