दिव्यांग पत्नीची पोटगी आणि संजय गांधी अनुदान : किती पोटगीवर अनुदान जातं?

अर्जनोंद :
परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा मसुदा समोर आहे, हिंदू विवाह कायद्याखालचा. ताईंचं वय ३४, मणक्याच्या दुखापतीमुळे कमरेखाली हालचाल नाही, यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र) ७० टक्के अपंगत्व, स्वतःची कमाई शून्य. पतीकडून दोन पर्याय आलेत : दरमहा ५,००० रुपये, किंवा एकरकमी ६ लाख आणि "यापुढे कोणताही हक्क राहणार नाही" हे वाक्य. संजय गांधी निराधार अनुदान आजवर पतीच्या उत्पन्नामुळे बसत नव्हतं, आता बसावं असं वाटतं. पोटगी घेतली तर अनुदान जाईल का? आणि सही करण्यापूर्वी मसुद्यात काय बदलून घ्यावं?

मदतकक्ष_तालुका :
अनुदानापुरतं सांगतो. दिव्यांग म्हणून अर्ज केला तर वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आणि अनुदान दरमहा २,५००. घटस्फोटित महिला म्हणून केला तर मर्यादा २१,००० आणि अनुदान १,५००. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची (न्यायालयाच्या अंतिम आदेशाची) प्रत जोडलेली दिसली की अर्ज भरणारा सवयीने "घटस्फोटित"वर खूण करतो आणि ताईंचं तिथेच नुकसान होतं. अर्ज भरताना शेजारी बसा आणि "दिव्यांग" लिहून घ्या.

पोटगी उत्पन्नात धरली जाते. ५०,००० भागिले १२ म्हणजे महिना ४,१६६. तुमचे ५,००० वर्षाला ६०,००० होतात, म्हणजे अपात्र. ४,००० पोटगी अधिक २,५०० अनुदान मिळून ६,५०० हातात येतात. ५,००० पोटगीला नुसते ५,०००. म्हणजे ४,१६६ च्या वर आणि ६,६६६ च्या खाली आकडा ठरला तर ताई तोट्यात. तरीही माझं मत, आकडा खाली ओढू नका, वर न्या. अनुदानाचे नियम शासन कधीही बदलू शकतं आणि हप्ते मागेपुढे होतात. पोटगीचा आदेश हातात असला की वसुली करता येते.

"लाडकी बहीण"मध्ये ताईंचं नाव आधीपासून असेल तर तिथली मर्यादा अडीच लाखांची आहे, त्यामुळे ५,००० पोटगीने ते १,५०० जात नाहीत. पण ते आणि संजय गांधी, दोन्ही एकत्र घेता येत नाहीत.

कागद : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रात १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा, यूडीआयडी, हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत. पतीच्या रेशनकार्डावरून नाव आधी कमी करून घ्या, नाहीतर चौकशीत त्याचंच उत्पन्न समोर येतं. आणि नाव! आधार, यूडीआयडी आणि बँक खातं या तिन्हीवर अक्षरन् अक्षर सारखं हवं. घटस्फोटानंतर आधारवर माहेरचं नाव लावलं आणि यूडीआयडीवर सासरचं राहिलं, की पडताळणीत अर्ज अडकतो.

कौटुंबिक_दावे :
एकरकमी ६ लाख म्हणजे ५,०००च्या हिशेबाने १२० महिने. ताई ४४ व्या वर्षी रिकाम्या हाताने उभ्या राहतील, तेही वाढत्या आजारपणाच्या वयात. ठेवीत ठेवून ७ टक्के धरले तर व्याज वर्षाला ४२,०००. अनुदानाची मर्यादा सांभाळली जाते, पण मुद्दलाला हात लावायचा नाही ही अट रुग्ण माणसाला पाळता येत नाही.

"कोणताही हक्क राहणार नाही" यावर सही करू देऊ नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली हुकूमनाम्याच्या वेळी किंवा त्यानंतर केव्हाही पोटगी मागता येते आणि परिस्थिती बदलली तर रक्कम वाढवून मागता येते. हे दार ताईंनी स्वतःच्या सहीने बंद केलं की पुढे प्रत्येक अर्जाला समोरून तोच कागद दाखवला जातो.

मसुद्यात हवं ते असं. रक्कम दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत बँकेतच. दरवर्षी ठराविक टक्क्यांनी वाढ, टक्का लिहून. वैद्यकीय खर्च वेगळा, कारण पतीच्या कंपनीच्या समूह विम्यातून ताईंचं नाव घटस्फोटाबरोबर निघतं. हे बहुतेकांच्या लक्षात पहिल्या इस्पितळाच्या बिलाला येतं. आणि पतीच्या नावावर घर किंवा जमीन असेल तर पोटगीचा बोजा तिच्यावर ठेवून घ्या. कलम २५ मध्येच त्याची सोय आहे. सात-बारा किंवा मालमत्ता पत्रकावर नोंद झाली का, ते स्वतः उतारा काढून पाहा.

संमती फिसकटली तर कलम २४ खाली अंतरिम पोटगीचा अर्ज लगेच द्या. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्याचा निकाल लागावा, असं कायदाच म्हणतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि दिव्यांग, दोघांनाही उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

अर्जनोंद :
आभारी आहे. पतीचे वकील म्हणतात, ७० टक्के असल्या तरी हात चालतात, घरबसल्या संगणकावर काम होऊ शकतं. शिवाय अनुदान मिळालं की तेवढी पोटगी कमी करा.

कौटुंबिक_दावे :
टक्केवारी कमाईबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून नुसत्या कार्डावर विसंबू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून कामाच्या क्षमतेचं पत्र घ्या : सलग किती वेळ बसता येतं, जखम होऊ नये म्हणून किती वेळाने अंग हलवावं लागतं, लघवीसाठी नळी दिवसातून किती वेळा. चार ते सहा तासांनी नळी म्हणजे दिवसाला ४ ते ६, महिन्याला १२० ते १८०. हा आकडा, मदतनीस, फिजिओथेरपी, व्हीलचेअरची गादी, सगळं बिलांसकट खर्चाच्या तक्त्यात मांडा.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं आहे, आणि गंभीर अपंगत्व हा रक्कम ठरवताना विचारात घ्यायचा मुद्दा म्हणून नोंदवला आहे. अनुदान सुरू झालं तर तेही प्रतिज्ञापत्रात लिहा. लपवलेले २,५०० उलटतपासणीत निघाले तर खऱ्या बिलांवरचाही विश्वास उडतो. लिहिलेले २,५०० महिन्याच्या खर्चाशेजारी ठेवले की वजावटीच्या मागणीत जीव उरत नाही.

मदतकक्ष_तालुका :
एक भर. पोटगी थकली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालच्या (हे पोटगीचं वेगळं कलम, वरच्या कलम २५ पेक्षा निराळं) आदेशाची वसुली, रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत मागावी लागते. "देतील पुढच्या महिन्यात" म्हणत दोन वर्षं गेली की जुन्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही. बँकेचं पासबुक दर महिन्याला भरून घ्या आणि कोरा गेलेला महिना पेन्सिलीने खुणावून ठेवा.