सी. एलिगन्स कृमीतील पेशींची संख्या ठरलेली कशी?

प्रश्न: मी प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. सी. एलिगन्स या सूत्रकृमीच्या प्रौढ उभयलिंगी प्राण्यात ९५९ कायिक पेशी (जननपेशी सोडून शरीराच्या बाकी पेशी) असतात, असे वाचले. ही संख्या इतकी नेमकी कशी कळली?

उत्तर १: हा कृमी जेमतेम १ मिलिमीटर लांब आणि पारदर्शक असल्यामुळे जिवंत भ्रूणातील पेशींचे विभाजन सूक्ष्मदर्शकाखाली थेट पाहता येते. जॉन सल्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच तासन्‌तास निरीक्षण करून, हाताने आकृत्या काढत, फलित अंड्यापासून प्रौढापर्यंतची पेशींची वंशावळ १९८३ पर्यंत पूर्ण केली. एकूण १,०९० कायिक पेशी निर्माण होतात आणि त्यांपैकी १३१ ठरल्या वेळी मरतात. माझ्या मते या मृत्यूंची नोंद हाच त्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग आहे, कारण पेशीमृत्यू घडवणारी जनुके रॉबर्ट हॉर्विट्झ यांना याच कृमीत सापडली. या कृमीवरील संशोधनाचा पाया घालणारे सिडनी ब्रेनर यांच्यासह सल्स्टन आणि हॉर्विट्झ या दोघांना २००२ चे नोबेल मिळाले.

उत्तर २: वरील उत्तराला एक पुरवणी. प्रौढ नरात १,०३१ कायिक पेशी असतात.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. उभयलिंगी कृमी स्वफलन करत असतील, तर नर येतात कोठून?

उत्तर २: उभयलिंगीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, नरात एकच. जननपेशी तयार होताना क्वचित एक एक्स गळतो आणि त्यातून नर जन्मतो. स्वफलनातून येणाऱ्या सुमारे ३०० पिलांत एखादा नर दिसला तरी पुष्कळ. म्हणून संकरासाठी प्रयोगशाळेत नर मुद्दाम जोपासावे लागतात.