मदत हवी आहे: गच्चीवर दुधी-कारल्याचा मांडव, स्लॅबला भोक न पाडता

ऐरोली_गच्ची:
सातव्या मजल्यावर सोसायटीच्या गच्चीत ८ बाय ४ फुटांची जागा मिळाली आहे. दुधी, कारली आणि जमलं तर पडवळ लावायचं आहे. वॉटरप्रूफिंग नुकतंच झालंय, त्यामुळे स्लॅबला किंवा कठड्याला ड्रिल लावायला सक्त मनाई. कठडा साडेतीन फुटी, खाडीची बाजू पूर्ण उघडी. १ इंची पीव्हीसी पाइपचा सांगाडा करून पाय सिमेंटच्या बादल्यांत रोवले तर पावसाळ्यात टिकेल का? नेमकं सामान सांगाल का?

वेलमांडव:
बादल्या चालतील, पाइप नको. ८ फुटांच्या गाळ्यात १ इंची पीव्हीसी नुसत्या पानांच्या भारानेच मधे झोळ खातो, दुधी लागल्यावर तर विचारूच नका. शिवाय उन्हाने ठिसूळ होऊन नेमका जोडाजवळ तडकतो. बांबू घ्या.

२० फुटी ५ बांबू पुरतात. बुडखा जाड असतो, त्यातून पाय कापा: साडेसहा फुटी ४. आडवे ९ फुटी २, त्यांवर ५ फुटी ४, आणि कोपऱ्यांना तिरके टेकू ४ फुटी ४. टेकू टाळू नका. मांडव पडतो तो बहुतेकदा पाय मोडून नाही, चौकट तिरकी होऊन.

रंगाच्या २० लिटरच्या ४ बादल्या. चारही मिळून अर्धी गोणी सिमेंट, त्याच्या दुप्पट रेती, चौपट खडी, सगळं घमेल्याने मोजून. भरल्यावर एकेक बादली ४० किलोच्या वर जाते, म्हणून जागेवर ठेवूनच भरा. बांबू थेट काँक्रीटमध्ये रोवू नका, तिथे पाणी मुरून बुडखा कुजतो. बादलीच्या तळाला भोक पाडून ६३ मिमी पाइपचा तुकडा आरपार उभा करा, त्यात बांबू सोडा आणि वरून लाकडी पाचर ठोका. बादलीखाली फरशीचे दोन तुकडे ठेवा, म्हणजे पाइपात शिरलेलं पाणी खालून निघून जाईल आणि वॉटरप्रूफिंगही घासणार नाही. बांबू बदलायची वेळ आली की पाचर काढली, झालं.

हातमाती:
जोडांबद्दल. बांबूला खिळा मारला की तो उभा चिरतो. तारेने बांधलं तर बांबू वाळून आकसतो आणि बांधणी सैल पडते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या इंचभर रुंद पट्ट्या कापा. ताणून आधी फुलीत चार वेढे, मग दोन बांबूंच्या मधून दोन वेढे आवळून गाठ. बांबू आकसला तरी रबर मागोमाग आवळतं. उन्हाने रबर चिरतं, तेव्हा दर मे महिन्यात तपासून बदलायचं.

ऐरोली_गच्ची:
आभार! बाल्कनीची कबुतरजाळी उरली आहे, ती वर टाकली तर? आणि पश्चिमेच्या बाजूने उभी जाळी लावली तर वाराही अडेल ना?

वेलमांडव:
दोन्ही नको. कबुतरजाळीच्या भोकात कोवळं कारलं शिरतं आणि तिथेच फुगून अडकतं. तोडताना निम्मं जाळीतच राहतं. वाळलेला वेल सोडवणं हा आणखी वेगळा छळ. ४ ते ६ इंची भोकांची नायलॉनची वेलजाळी आणा, हात आरपार गेला पाहिजे.

पश्चिमेला उभी जाळी म्हणजे पानं भरल्यावर शीडच. जून-जुलैत वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो, सगळा जोर त्या जाळीवर बसेल आणि बादल्यासुद्धा कलंडतील. आडव्या मांडवावरून वारा बराचसा निघून जातो. कारल्यासाठी उभी जाळी हवीच असेल तर पूर्व-पश्चिम धरा, वाऱ्याला कड दाखवून. मात्र ऑगस्टपासून तिच्या उत्तरेला सावली पडेल, तिथे मिरचीच्या कुंड्या ठेवू नका.

हातमाती:
तुमच्या मापात दुधीचे २ वेल आणि कारल्याचा १, बस. दुधीला ४०-५० लिटरचं अर्धं कापलेलं पिंप द्या, कारल्याला २० लिटर चालतं. पडवळ पुढच्या हंगामाला ठेवा. हट्टच असेल तर दुधीचा एक वेल कमी करा, आणि फळ वाकडं वळायला लागलं की टोकाला सुतळीने छोटा दगड बांधा, सरळ लांबतं.

कुंडीपासून मांडवापर्यंत सुतळी सोडा, जाड बांबूला वेलाचे तणावे नीट धरत नाहीत. खालचं टोक कुंडीतल्या काडीला बांधा, खोडाला नाही. खोड जाडावलं की सुतळी आत रुतते. दुधीचा शेंडा मांडवावर पोचला की खुडा. मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात.

ऐरोली_गच्ची:
कठड्यालगतच्या पाण्याच्या पाइपला एक आधाराची दोरी बांधली तर?

वेलमांडव:
अजिबात नाही. मांडव हलला की पाइपाचा जोड निसटेल आणि गच्चीवर तळं होईल. फारच वाटलं तर खाडीकडच्या दोन बादल्यांवर रेतीची एकेक गोणी ठेवा.