लग्नानंतरची पहिली सुगी : तुमचे अनुभव लिहा

वैशाखात लग्न झालं. माहेर ठाण्याचं, सासर संगमेश्वर तालुक्यातलं. आम्ही दोघं नोकरीसाठी पुण्यात असतो, पण भातकापणीला सगळ्यांनी घरी यायचं हा या घराचा रिवाज. म्हणून दसऱ्याला रजा टाकून गेलो. हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात पिवळं होऊन कापणीला आलं होतं, उशिरा येणारं गरवं अजून हिरवट होतं.

लग्नाच्या दिवसातलं मला सगळ्यात लख्ख आठवतं ते उंबऱ्यावरचं माप. फोटोवाला "जरा हळू, परत एकदा" म्हणत होता, मागून माणसं रेटत होती आणि माझं सगळं लक्ष उजवा पाय पुढे टाकण्यात होतं. तांदूळ आत सांडले, टाळ्या झाल्या. ते तांदूळ कुठून आले असतील हे तेव्हा मनातही आलं नाही. कापणीच्या दुसऱ्या दिवशी भारे बांधताना सासूबाई सहज म्हणाल्या, "तुझ्या मापातले तांदूळ ह्याच मळ्यातले हो." म्हणजे आदल्या वर्षीच्या आश्विनातले. तेव्हा आमचं ठरलंसुद्धा नव्हतं. मी या घरात येणार हे कुणालाच ठाऊक नसताना ते भात झोडून, वारवून कणगीत पडलं होतं.

तेव्हापासून लग्नाचा दिवस वेगळाच आठवायला लागला आहे. अक्षता, सप्तपदीला मांडलेल्या तांदळाच्या राशी, लाजाहोमात भावाने माझ्या ओंजळीत घातलेल्या लाह्या, ओटी. धान्याशिवाय एक विधी पुढे सरकला नव्हता. कोजागिरीला नव्याची पूजा झाली. भाताच्या लोंब्या, नाचणी-वरीची कणसं, कुरडूची फुलं आणि आंब्याची पानं एकत्र बांधून ते नवं दाराला लावायचं असतं. यंदा ते माझ्या हातून लावून घेतलं. मला खूप भरून आलं.

तुमची पहिली सुगी कशी गेली? लग्नातलं काय आठवलं? शेत असो-नसो, लिहा.

*

आमच्याकडे लातूर भागात दसऱ्याच्या आधी-नंतर सोयाबीन. लग्न मागच्या वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर लगेच झालं. बघण्याच्या कार्यक्रमानंतर आम्ही फोनवर थोडंफार बोललो होतो, तेवढीच ओळख. अंतरपाट धरला तेव्हा पलीकडचा माणूस कसा असेल याची मला खरोखर भीती वाटत होती. अंतरपाट खाली आल्यावरही मी वर बघितलं नव्हतं.

यंदा सोयाबीन काढून गंजी लावली होती आणि मळणीयंत्राचा नंबर लागायचा होता. रात्री आभाळ गडगडलं. आम्ही दोघंच शेतात पळालो. वारा इतका की ताडपत्री हातात थांबेना. एका बाजूने त्यांनी दोन टोकं धरली, दुसऱ्या बाजूने मी. मधे ती फडफडत उभी राहिली आणि मला एकदम अंतरपाट आठवला. या खेपेला पलीकडचा माणूस कोण आहे हे मला माहीत होतं. ते ओरडत होते, "तू दगड ठेव, मी धरतो!" गंजी वाचली. खालचा थर थोडा भिजला, तो वेगळा वाळवला. आमचं लग्न खरं त्या रात्री लागलं असं मी माझ्या बहिणीला सांगितलं, आणि मी ते मनापासून म्हणते.

*

मी नवरदेवाच्या बाजूने लिहितो. वर्धा जिल्हा. आम्ही बौद्ध, त्यामुळे चातुर्मासाचा आणि मुहूर्ताचा प्रश्न नव्हता. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्या सोहळ्यात माझे आजोबा होते. म्हणून ऑक्टोबरातच लग्न करायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं. पांढरे कपडे, मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील आणि फुलं. अडचण एकच, गाव सगळं सोयाबीन सोंगायला गेलेलं. म्हणून लग्न संध्याकाळी लावलं. लोक वावरातून घरी गेले, हातपाय धुतले आणि आले. कुणाच्या केसांत अजून भूस होता. त्या थकलेल्या माणसांनी मागे उभं राहून आमच्यासोबत पंचशील म्हटलं, तो आवाज माझ्या कानात आहे.

पाठोपाठ कपाशीची पहिली वेचणी आली. बायको म्हणाली, मीही येते. मेंदी अजून उतरली नव्हती. बोंडाची वाळलेली टोकं बोटांना लागतात, नखांच्या कडेला ओरखडे येतात. तिच्या हातांवर मेंदी आणि ओरखडे दोन्ही होते. आईने दोन्ही हात धरून खोबरेल लावून दिलं.

*

माझं वय झालं आहे, नातीने टाइप करून दिलं. आमचं पुरंदरचं दुष्काळी गाव. लग्न 1973 च्या उन्हाळ्यात. 1972 चा दुष्काळ तुम्ही ऐकला असेल, आम्ही खडी फोडायच्या कामावर होतो. खायला सुकडी मिळायची, आणि मिलो नावाची तांबडी ज्वारी. लग्नात अक्षता जोंधळ्याच्या होत्या आणि त्याही मूठमूठ मोजून वाटलेल्या. मंगलाष्टका संपल्या, लोक जेवायला वळले आणि माझ्या सासूने व आईने मिळून मांडवातले दाणे वेचले. दोघी विहिणी, शेजारी उकिडव्या बसलेल्या. विहिणींचा मानपान असतो ना, आमच्यात तो तिथेच संपला, आणि पुढे जन्मभर दोघींचं सख्ख्या बहिणींसारखं जमलं.

त्या साली पाऊस झाला. बाजरी आली. दसऱ्याच्या सुमाराला कणसं खुडली, खळं शेणाने सारवलं, मधे तिवडा म्हणजे खांब रोवला आणि मळणीसाठी त्याभोवती बैलांची पात धरली. मग वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून उपणायचं. मालकांनी मला सूप दिलं आणि स्वतः पाटी उचलून द्यायला खाली उभे राहिले. मी आधी कामावर घमेलीच वाहिली होती. धान्याची रास स्वतःच्या पायाशी वाढताना मी पहिल्यांदा बघितली. भूस डोळ्यांत जात होता, तरी डोळे मिटवेनात. सासूने पहिली पाटी देवापुढे ठेवली आणि दुसरी माझ्या माहेरी धाडली. हे मी विसरणार नाही.

*

आजी, नमस्कार. आम्हा दोघांच्या घरी शेती नाही. तांदूळ पायदळी जायला नकोत म्हणून लग्नात फुलांच्या पाकळ्या वाटल्या होत्या. वडीलधारे नाराज होते. तुमचं वाचून वाटलं, दोन्हीकडे काळजी धान्याचीच होती.

*

माझं लग्न अजून व्हायचं आहे, मार्गशीर्षात. घर रोह्याकडे. यंदा कापणीच्या तोंडावर पावसाने हळवं भात आडवं केलं. पाण्यात पडलेल्या लोंब्यांना मोड आले. तलाठी येऊन पंचनामा करून गेले. बाबा बांधावर बसून होते आणि मला म्हणाले, "लग्न थाटात करता येणार नाही." मी म्हटलं, थाट नको. सासरच्यांनाही मी स्वतः फोन करून सांगितलं. सासरे म्हणाले, आमचंही तसंच झालंय, माणसं कमी बोलवू.

गरवं भात वरच्या बाजूला उभं आहे, ते हाती लागेल. जेवणाला नवे तांदूळ चालत नाहीत, भात चिकट होतो, म्हणून पंगतीला जुनेच घ्यावे लागतील. पण अक्षता आमच्या शेतातल्याच हव्यात, एवढा एक हट्ट मी धरला आहे. गिरणीत नव्या भाताची कणी फार पडते, तेव्हा अख्खे दाणे निवडायला आई, मावशी आणि मी बसणार आहोत. बाबा म्हणाले, मीही बसतो.