प्रति: एका जागी थांबून कसला व्यायाम?
एका जागी स्थिर थांबायच्या व्यायामाबद्दल 'घामच येत नाही तर तो व्यायाम कसला, त्यापेक्षा जोर-बैठका घाला' असं वर कोणीतरी लिहिलंय, ते वाचलं. घामाचंच माप लावलं तर नागपुरात मे महिन्यात कूलरसमोर बसूनही व्यायाम झाला म्हणायचा! जोर-बैठका घालाच, पण बीपीचा मुद्दा इथे कोणी काढलाच नाही. २०२३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये व्यायामाने रक्तदाब किती उतरतो हे पाहणाऱ्या २७० चाचण्यांचा आढावा आला. रक्तदाब उतरवण्यात स्थिर धरायचे व्यायाम सगळ्यांत पुढे निघाले, त्यातही भिंतीला पाठ टेकून खुर्चीवर बसल्यासारखं थांबणं.

दोन मिनिटं धरायचं, मध्ये थोडी विश्रांती, असं चारदा, आठवड्यातून तीन दिवस. मांड्या थरथरायला लागल्या की माणूस नकळत श्वास कोंडतो आणि दाब आणखी चढतो. मी मोठ्याने आकडे मोजतो, म्हणजे श्वास अडकत नाही (घरचे हसतात, हसू द्या). जमत नसेल तर भिंतीवर थोडं वर सरका. बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.