सत्ताविसावं लागलंय, अग्निवीरचं वय गेलं. टीएची (टेरिटोरियल आर्मीची) तयारी आता सुरू केली तर जमेल का?

प्रश्न (येळ्ळूर, ता. बेळगाव)

नमस्कार. उद्यमबागेत कारखान्यात सीएनसी मशीनवर कामाला आहे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी.

लहानपणी आजोबा सायकलच्या दांडीवर बसवून कॅम्पात न्यायचे. मराठा सेंटरचं, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचं, गेट आलं की ते खाली उतरायचे आणि गेट मागं पडेपर्यंत सायकल हातात धरून चालायचे. का उतरता, असं मी कधी विचारलं नाही. तेव्हापासून मनात तेवढंच आहे.

२०२० ला विशीत होतो, तयारी पुरी होती, आणि कोरोनानं भरत्या बंद पडल्या. दोन वर्षं तशीच गेली. २०२२ ला अग्निवीर आलं, त्या वर्षापुरतं वय २३ केलं, मी बसत होतो. पण त्याच पावसाळ्यात बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. रोप लावणी तोंडावर, बहिणीचं लग्न ठरलेलं. मी मैदानावर गेलोच नाही.

गेल्या वर्षी एका अकॅडमीवाल्यानं 'वयाचं मी बघतो' म्हणून २० हजार घेतले. ते बुडाले.

आता कळलं की टेरिटोरियल आर्मीला ४२ पर्यंत चालतं. हे खरं आहे का? माझं १६०० मीटरला ६ मिनिटं ५० सेकंद लागतात, बीम (पुलअप) चारच निघतात. पंधरा दिवस पळालो की नडगी ठणकायला लागते. विशीत असं कधी होत नव्हतं. घरी अजून बोललो नाही.

उत्तर १ (माजी हवालदार, हिंडलगा)

बाळा, पहिलं त्या अकॅडमीचं. जन्मतारीख दहावीच्या मार्कशीटवर छापलेली असते, ती कोणाच्या बापाला बदलता येत नाही. पुन्हा कोणाला एक रुपया देऊ नकोस. भरतीला पैसे लागत नाहीत.

आता नडगी. कुठं पळतोस ते लिहिलं नाहीस, पण माझा अंदाज आहे काँक्रीटच्या रस्त्यावर, झिजलेल्या बुटात, रातपाळी उतरून. तिन्ही बंद कर. मातीवर पळ. रातपाळीच्या आठवड्यात नुसतं चालणं आणि बीम, पळणं नाही. झोप न झालेल्या अंगावर पळशील तर हाड दुखणारच. विशीतलं पोर रोज पळून रोज भरून येतं, तुझं अंग एक दिवस आड मागतंय. ते दे त्याला. ठणका एकाच जागी, बोट ठेवल्यावर कळेल असा असेल तर आधी डॉक्टरला दाखव.

वेगाचं असं. अग्निवीर भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारलं की ६० गुण आणि दहा बीमला ४०. टीएला जातानाही हेच माप डोळ्यासमोर ठेव. साडेपाच म्हणजे ४०० च्या चार फेऱ्या, प्रत्येकी ८२ सेकंद. सलग १६०० रोज मारून वेळ उतरत नाही. आठवड्यातनं एकदा ४०० मार, तीन मिनिटं चाल, परत मार, असं सहा वेळा. एक दिवस सावकाश पाच-सहा किलोमीटर. तिसऱ्या दिवशी चढ, तुझ्या दारातच राजहंसगड आहे.

बीमसाठी स्टुलावरनं वर चढून लटक आणि पाच मोजत खाली उतर. चारचे दहा व्हायला सहा-सात महिने धर. नऊ फुटांच्या खड्ड्यावरची उडी आणि नागमोडी पट्टीवरनं तोल सांभाळत चालणं (झिगझॅग बॅलन्स) कोणी मनावर घेत नाही, आणि पोरं तिथंच बाद होतात.

उत्तर २ (टीए जवान, निपाणी भाग)

भावा, खरं आहे. १८ ते ४२. मी एकतिसाव्या वर्षी लागलो. लाईनीत माझ्या पुढचा पोरगा एकोणीसचा होता, मला काका म्हणत होता.

पण टीए म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण आमच्याकडं बरेच जण पक्की नोकरी समजून येतात. ही अर्धवेळ फौज आहे. वर्षातनं साधारण दोन महिने ट्रेनिंग, बाकी वर्ष आपला धंदा. माझा टेम्पो आहे. युनिटनं पूर्णवेळ बोलावून घेतलं, म्हणजे एम्बॉडी केलं, की पगार रेग्युलरसारखा. सोडलं की पगार बंद. पेन्शनला अशी बोलावलेली सेवा १५ वर्षं भरावी लागते. तेव्हा उद्यमबागेतलं काम सोडून बसू नकोस. सेवेवर बोलावल्यावर परत आलेल्याला कामावर घ्यावं, अशी तरतूद १९४८ च्या टीए कायद्यात आहे. तरी मालकाशी आधीच बोलून ठेव, तोंडावर सांगितलं तर बिघडतं.

टीएच्या बटालियन म्हणशील तर कोल्हापूरला १०९ मराठा आहे, बेळगावात ११५ महार. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्हीकडं भरती झाली, राज्याप्रमाणं दिवस वाटून दिले होते. इथं आपल्या सीमाभागातल्या पोरांचा घोळ होतो. निपाणीला कोल्हापूर जवळ, बोली तीच, पाहुणे तिकडचे, पण डोमिसाईल कर्नाटकाचं. महाराष्ट्राच्या दिवशी गेलास तर गेटवरनं परत. जाहिरात पूर्ण वाच.

दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ हवेत. उंची १६०, वजन ५०, छाती ७७ आणि फुगवून ८२.

उत्तर ३ (खानापूर)

दादा, माझा भाऊ मेडिकलला कानावर अडकला. तोही मशीन शॉपलाच होता. तुम्ही आठ तास आवाजात असता, आजपासून कानात प्लग घाला, आणि एकदा ऐकण्याची तपासणी करून घ्या. चष्मा न घालता ग्राइंडिंग करू नका, डोळ्यात बारीक कण रुतलेला असला तरी तिथं दिसतो. आणि नाव तपासा. मराठी शाळेच्या दाखल्यावर एक, मार्कशीटवर दुसरं, आधारवर कन्नडवरनं आलेलं तिसरं, असं आमच्याकडं घरोघरी आहे. दुरुस्तीला महिने जातात.

प्रश्नकर्ता

काका, तुम्ही न बघता बरोबर ओळखलंत. काँक्रीटवरच पळत होतो, तेही सहाला पाळी सुटल्यावर.

तीन आठवडे झाले. शेताकडच्या मातीच्या वाटेवर दोरीनं मोजून ४०० ची खूण केली. आधारवर आडनावात एक अक्षर जास्त निघालं, दुरुस्तीला दिलंय. कानाची तपासणी शनिवारी. मालक म्हणाले, दोन महिन्यांचं बघू, पण दसऱ्याच्या ऑर्डरीत नको.

काल बाबांना सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. आज पहाटे खुर्ची बांधावर ठेवायला लावली, माझा मोबाइल डाव्या हातात घेतला आणि अंगठ्यानं घड्याळ चालू-बंद केलं. पहिली फेरी ९४, सहावी १०८. नडगी दुखली नाही. दादा, प्लगचं शनिवारी विचारतो, कुठले घ्यायचे ते.